निघताना हातावर काय ठेवलं?

हात कोपरापर्यंत धुवावेत आणि पाणी बोटांकडून कोपराकडे ओघळू द्यावे. कोपराकडून बोटांकडे नव्हे. हे मी घरात इतक्या वेळा सांगितले आहे की नातवंडे आता माझे वाक्य मला पुरे करू देत नाहीत, स्वतःच पुरे करतात आणि हसतात. मीही हसतो. परंतु ते वाक्य माझे नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. ज्यांचे ते आहे, त्यांना सारे कोल्हार सिस्टरबाई म्हणत असे.

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास मी कोल्हारला प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. शाळेच्या कुंपणाला लागून एक लहानसा धर्मादाय दवाखाना होता. तीन खोल्या, पुढे ओटा, अंगणात एक कडुलिंब. शेवटच्या खोलीत दर गुरुवारी शस्त्रक्रिया होत. नगरहून पहिल्या एस.टी.ने डॉक्टर येत, गाठी, गळवे, अंडवृद्धी, अशी कामे दुपारपर्यंत उरकत, आणि सकाळी आलेला माणूस दिवस मावळायच्या आत आपल्या घरी परतलेला असे. आमच्याकडच्या लोकांना याचे मोल फार होते. मोठ्या दवाखान्यात आठ दिवस पडून राहायचे तर गोठ्यातली धार कोणी काढायची, हा प्रश्न दुखण्यापेक्षा मोठा असे.

डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. उरलेले सहा दिवस ती खोली सिस्टरबाईंची होती. खरे तर गुरुवारीसुद्धा ती त्यांचीच असे. त्या मूळच्या नगरच्या, तिथल्या ख्रिस्ती वस्तीतल्या. उंच, सावळ्या, पांढऱ्या पातळाच्या पदराला उलटे टाचलेले घड्याळ. बोलणे स्वच्छ आणि मोजके. त्यांना कोणी कधी घाईत पाहिले नाही, आणि उशिरा आलेलेही पाहिले नाही.

आमची ओळख माझ्या अक्षरामुळे झाली. एके दिवशी मी फळ्यावर उतारा लिहीत असताना त्या वर्गाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मुलांचे वाचन संपेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "अक्षर तुमचं?"

"हो."

"शेवटच्या बाकावरून वाचता येतं. शाळा सुटली की दवाखान्यात या."

त्यांना भिंतीवर नियमांचा फळा लावायचा होता. मी घरी बसून मोठ्या मनोभावे मसुदा केला. ‘परिसर स्वच्छ ठेवावा. रुग्णाची योग्य ती काळजी घ्यावी.’ अशी दहा वाक्ये. त्यांनी ती सावकाश वाचली आणि कागद परत दिला.

"गुरुजी, या तुमच्या इच्छा झाल्या. नियम कुठे आहेत?"

मी कागद पुन्हा वाचू लागलो.

"मोडला की लगेच दिसतो, तो नियम. परिसर स्वच्छ ठेवला की नाही, यावर दोन माणसं दिवसभर भांडतील. आता हे लिहा." आणि त्यांनी सांगितले ते असे: ‘कापडाचे बोळे वीस. कामाआधी मोजावेत. टाके घालण्याआधी मोजावेत. वीस न भरल्यास टाके घालू नयेत.’

पुढे तीस वर्षे मी मुलांना निबंध शिकवले. मोघम वाक्य दिसले की समासात ‘इच्छा’ असा शेरा मारत असे. मुलांना तो शेरा माझाच वाटे.

त्यांची सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे हात धुण्याचे गाणे. शस्त्रक्रियेआधी प्रत्येकाने साबण-ब्रशने पाच मिनिटे हात घासलेच पाहिजेत, असा दंडक होता. पण ओल्या हातांनी घड्याळाला शिवता येत नाही, आणि मनातल्या मनात मोजणारा माणूस लबाडी करतो, असे त्यांचे मत. म्हणून प्रत्येकाने पाच मिनिटे पुरेल असे काहीतरी मोठ्याने म्हणायचे. बाई स्वतः प्रार्थनामंदिरातले चार कडव्यांचे एक गीत म्हणत. डॉक्टर लाजत लाजत एक स्तोत्र म्हणत. मलमपट्टी करणारा ड्रेसर दगडू आरती म्हणे. एकदा गडी इतक्या वेगाने आरती आटोपून मोकळा झाला की बाईंनी त्याला पुन्हा साबण हातात दिला.

"बाई, म्हनली की समदी! एक कडवं सोडलं न्हाई."

"देवाला घाई नाही, दगडू. तुलाच आहे. पुन्हा म्हण."

एका गुरुवारी वीज गेली आणि बॅटरी धरायला माणूस हवा म्हणून त्यांनी मला शाळेतून बोलावले. आधी हात. "तुमचं गाणं कोणतं, गुरुजी?" मी म्हणालो, "गाणं येत नाही. पाढे येतात." बाई म्हणाल्या, "अकरापासून एकोणिसापर्यंत म्हणा. पुरेल." आणि मी नळकोंडाळ्यासमोर उभा राहून पाढे म्हटले, एकोणिसाच्या पाढ्यात अडखळलो तेव्हा आतून डॉक्टरांनी दुरुस्ती केली. हात धुतलेले पाणी पन्हळीतून कडुलिंबाच्या आळ्यात जाई. दुष्काळाच्या त्या वर्षी प्रवरेच्या पात्रात नुसती वाळू उरली होती, पण ते झाड हिरवे राहिले.

कडुलिंबाला त्या दवाखान्यात आणखीही एक काम होते. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरी सोडण्याआधी त्याने दाराशी उभे राहून आपले नाव आणि गाव स्पष्ट सांगायचे, मग एकट्याने कडुलिंबापर्यंत चालत जायचे, झाडाला हात लावायचा आणि परत यायचे. बाई पायरीवर पेन्सिल घेऊन उभ्या. तोल गेला, चालताना झोकांडी गेली, की पुन्हा तासभर बाकावर. आणि सोबत न्यायला जाणते माणूस नसेल तर सुटका नाही. देवळाली प्रवऱ्याहून सायकलवर आलेल्या एका तालीमबाज गड्याने त्यांच्याशी घातलेला वाद मला आठवतो.

"बाई, मी काय नवी नवरी हाय का, पाठराखीन लागाया?"

"नवरीला वाटेत चक्कर आली तर वऱ्हाड असतं. तुम्हाला कोण आहे?"

"चक्कर? मला? आवो, मी कुस्ती खेळतो!"

"मग जा, त्या झाडाला चीत करून या."

तो मोठ्या ऐटीत निघाला आणि अर्ध्या वाटेवर मटकन खाली बसला. त्याचा भाऊ बैलगाडी घेऊन येईपर्यंत तो बाकावर गुपचूप चहा पीत होता.

अशा त्या बाईंच्या खोलीची तपासणी होणार असल्याचे पत्र जिल्ह्याहून आले. भूल देऊन शस्त्रक्रिया करणाऱ्या लहान दवाखान्यांना यापुढे मान्यता घ्यावी लागणार होती. अधिकारी येऊन जागा पाहतील, एक शस्त्रक्रिया सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहतील, मग शेरा देतील. मान्यता मिळाली नाही तर तिथे फक्त मलमपट्टी करायची. दगडूचे तोंड उतरले. डॉक्टर चिंतेत पडले. बाई मात्र हुशार मुलाला परीक्षेची तारीख कळावी तशा खुलल्या. "कोणीतरी एकदा तपासायलाच हवं होतं," त्या म्हणाल्या. "आपला पेपर आपणच किती दिवस तपासायचा?"

त्याच सुमारास माझ्या आईच्या खांद्यामागची गाठ लिंबाएवढी झाली होती. नगरला चल म्हटले की ती एकच उत्तर देई, "नगरला न्हाई. तिथं मानूस हरवतं." कोल्हारला मात्र ती तयार झाली, कारण आमच्या दारातून दवाखान्याचा कडुलिंब दिसत असे. गाठ खोल आहे, भूल द्यावी लागेल, असे डॉक्टरांनी लिहून ठेवले. तिचा गुरुवार आणि तपासणीचा गुरुवार एकच आला. त्या दिवशी दुसरा एक जण होता, पण त्याला ताप भरल्यामुळे बाईंनी आदल्या दिवशीच परत पाठवले. म्हणजे अधिकारी पाहणार होते ती शस्त्रक्रिया माझ्या आईची, आणि तीच एक.

फळ्यावरचा तिसरा नियम माझ्याच हातचा होता: ‘भूल देण्यापूर्वी आठ तास काहीही खाऊ-पिऊ नये.’ आदल्या रात्रीपासून मी आईवर पहारा ठेवला. पाण्याचा तांब्यासुद्धा तिच्या नजरेआड केला. सकाळी ती लुगडे नेसून उंबऱ्यापाशी आली. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. माझ्या प्रत्येक परीक्षेला आईने माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली होती; आज मी तिच्या हातावर ठेवली. तिने ती कपाळाला लावल्यासारखे करून तोंडात टाकली. तेवढ्यात शेजारची सुभद्रामावशी वाटी घेऊन आली. "व्हय गं, माझीबी घे. रिकाम्या हातानं कुठं जाती?" आईने तीही वाटी पुरी केली, कारण शकुनाचे उष्टे टाकत नाहीत. आम्हा तिघांपैकी एकाच्याही मनात आले नाही की आईने काही खाल्ले आहे. मी तर वाटेत तिला तिसरा नियम पुन्हा म्हणून दाखवला.

दवाखान्यात सर्व काही यथासांग चालले होते. एक वयस्कर अधिकारी डॉक्टर आणि त्यांच्याबरोबर फाईल घेतलेला कारकून. बोळे मोजले गेले. हत्यारे उकळण्याची वेळ पाटीवर लिहिली होती. दगडूने आरती सावकाश म्हटली, तेव्हा अधिकारी साहेबांनी भुवया उंचावल्या; त्यामागचे कारण समजल्यावर त्यांनी कारकुनाला सांगितले, "हे लिहून घ्या." मी दाराशी उभा होतो. माझा ऊर भरून आला होता.

मग बाई आईजवळ स्टुलावर बसल्या. तिचा उजवा हात त्यांनी आपल्या हातात घेतला, तळवा वर केला आणि विचारले, "आई, घरातून निघताना हातावर काय ठेवलं?"

आईचा चेहरा उजळला. "दही-साखर! माझ्या गुरुजीनं ठिवली. मंग शेजारनीनं वाटीभर आनली, लई मायेची हाय ती."

बाईंनी तिचा हात अलगद खाली ठेवला आणि उभ्या राहिल्या. "आज होणार नाही."

अधिकारी म्हणाले, "सिस्टर, अहो, चमचाभर दही."

"वाटीभर, साहेब. आणि चमचाभर असतं तरी आज नाही."

डॉक्टर पुढे झाले. "जागा बधिर करून काढू या का? भूल नकोच."

"गेल्या गुरुवारी तुम्हीच लिहिलंय, गाठ खोल आहे, भूल लागेल. आठ दिवसांत उथळ झाली का?"

"सिस्टर," अधिकारी आता जरा कडक आवाजात बोलले, "एक शस्त्रक्रिया पाहिल्याशिवाय मला अनुकूल शेरा देता येत नाही. पुन्हा इकडे येणं कधी होईल, सांगता येत नाही. मी काय लिहू?"

"पाहिलंत ते लिहा."

"मग शस्त्रक्रिया झाली नाही, असं लिहावं लागेल."

"ते खरंच आहे."

कारकुनाने लेखणी उचलली. "कारण काय लिहू, बाई?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. एकच क्षण. ‘नातेवाइकाने नियम मोडला’ एवढे तीन शब्द पुरले असते, आणि ते खोटेही नव्हते. दोष दवाखान्याचा ठरला नसता. मी स्वतः ते बोलायला हवे होते. माझ्या जिभेवर ते आलेही होते. पण ज्या फळ्यावर माझे सुवाच्य अक्षर होते, त्याच्याच खाली मी उभा होतो, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

बाई म्हणाल्या, "लिहा, नियम अपुरा लिहिला होता. जबाबदारी माझी."

ते गेल्यावर मी कडुलिंबाखाली बसून राहिलो. आई घरी जाऊन चुलीपाशी बसली होती, आपले काय चुकले हे तिला कळत नव्हते. संध्याकाळी बाई बाहेर आल्या आणि दगडी कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मी विचारले, "हा प्रश्न फळ्यावर का नव्हता?"

त्या आवाज न चढवता, जणू उताऱ्याचा अर्थ सांगावा तसे सांगू लागल्या. या गावाला येण्याआधी त्या दुसऱ्या एका ठिकाणी कामाला होत्या. एक नवी सून गळू कापायला आली होती. काही खाल्लं का, विचारलं. नाही म्हणाली. "खोटं बोलली नव्हती ती. सगळ्यांची लाडकी होती. निघताना पाच घरांनी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. दह्याला खाणं कोण म्हणतं, गुरुजी? भूल दिल्यावर उलटी झाली, ती छातीत उतरली. पोर घरी परत गेली नाही. तिचं उत्तर बरोबर होतं. माझा प्रश्न चुकला होता."

मग त्या पुढे म्हणाल्या, "फळ्यावर यासाठी नव्हता की लिहिला असता तर लोक उत्तर पाठ करून आले असते. फुटलेला प्रश्न परीक्षेत चालत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं? पण आज तुम्हीच, नियम लिहिणाऱ्यानेच, दही ठेवलंत. म्हणजे लपवून भागत नाही. उद्या रंग घेऊन या. एक ओळ वाढवायची आहे."

दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या नियमाखाली लिहिले: ‘दही-साखर निघताना घेऊ नये. परत जाताना दवाखान्यातून मिळेल.’

आणि खरोखरच त्यांनी खिडकीत विरजणाचे एक मडके ठेवले. पुढच्या गुरुवारी माझ्या आईची गाठ निघाली. वीस बोळे गेले, वीस भरले. दुपार कलल्यावर तिने दाराशी उभे राहून नाव सांगितले, गाव सांगितले, कडुलिंबाला हात लावून परत आली. बाईंनी पेन्सिलीने खूण केली, पेन्सिल कानावर ठेवली आणि आईच्या तळहातावर दही-साखर घातली.

"निघणं शुभ असतंच, आई. परत जाणं त्याहून शुभ."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "तू किरिस्ताव. आमचं हे तुला कसं गं ठावं?"

"आमच्याही घरी ठेवतात, आई. परीक्षेला जाताना माझ्या आईनं ठेवलं होतं."

आईने बोटे चाटली आणि म्हणाली, "साखर कमी हाय." बाई मोठ्याने हसल्या. त्यांचे हसणे मी तेवढे एकदाच ऐकले.

काही महिन्यांनी जिल्ह्याहून कागद आला. मान्यता नाकारली होती. कारणे तीन दिली होती: नळाचे पाणी अखंड नाही, शस्त्रक्रियेच्या खोलीला दुसरे दार नाही, शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहता आली नाही. तिसरे कारण नसते तर पहिली दोन चालवून घेतली असती का, हे मला कधीच कळणार नाही. मी या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंनी अनेकदा सोडवून पाहिले आहे. हातचा दर वेळी माझ्याकडेच उरतो. गावाने मात्र उत्तर ठरवून टाकले. पारावर लोक म्हणू लागले, "बाईच्या हट्टापायी गेलं आपरेशन. वाटीभर दह्यानं काय मरत हुतं का कुनी?" मी ते ऐकले आणि मान खाली घालून पुढे गेलो. पहिले दही कोणी हातावर ठेवले होते, हे दगडूला ठाऊक होते, सुभद्रामावशीला ठाऊक होते. बाईंनी ते कोणालाही सांगितले नाही.

दवाखाना चालवणाऱ्या संस्थेने त्यांची बदली केली. त्या निघाल्या त्या दिवशी मी मधल्या सुटीत एस.टी.च्या थांब्यावर गेलो. एक ट्रंक, एक वळकटी. मनमाडहून येणारी गाडी उशिरा होती. मी सगळे धैर्य गोळा करून म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. ते दही..."

"आई बरी आहे ना?"

"हो."

"कडुलिंबापर्यंत चालत गेली ना?"

"हो, बाई."

"मग वीस भरले, गुरुजी. जा आता. मधली सुटी संपेल."

मी शाळेत परतलो तेव्हा घंटा होत होती. गाडी मी पाहिली नाही. त्यानंतर त्या कुठे कुठे गेल्या, मला समजले नाही. नगरला गेलो की पांढऱ्या पातळातली उंच बाई दिसली म्हणून अनेकदा मी रस्ता ओलांडला आहे. आई आणखी बरीच वर्षे जगली. शेवटपर्यंत ती बाहेरून घरी आलेल्या माणसाच्या हातावर दही-साखर ठेवत असे. जाणाऱ्याच्या कधीच नाही. लोक तिला म्हातारचळ लागला म्हणत. त्या खोलीत पुढे खताची पोती आली. रस्ता रुंद झाला त्यात कडुलिंब गेला.

मागच्या वर्षी नगरला सावेडीत माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. सकाळी जायचे, दुपारी परत. काचेचे दार, नळाला अखंड पाणी, खोलीला दोन दारे, भिंतीवर चौकटीत मान्यतेचे प्रमाणपत्र. मी ते चष्मा लावून अखेरपर्यंत वाचले आणि मला मनापासून बरे वाटले. हे सर्व असायलाच हवे होते, बाईंनाही हवे होते. एका चुणचुणीत मुलीने छापील कागदावरून विचारले, "आजोबा, काही खाल्लंय?" मी नाही म्हणालो. तिने खूण केली. माझा तळवा पाहावा असे तिला वाटले नाही. वाटण्याचे कारणही नव्हते.

दुपारी मुलगा रिक्षा आणायला गेला. एका डोळ्यावर पट्टी होती. चाकाच्या खुर्चीत बसा, असे ती मुलगी म्हणत असताना मी उठलो, तिला माझे नाव सांगितले, गाव कोल्हार म्हणून सांगितले, फाटकापर्यंत एकटा चालत गेलो, त्याच्या खांबाला हात लावला आणि सरळ परत आलो. ती गोंधळून हसली. "छान चालता की, आजोबा!"

मी पायरीशी उभा राहिलो. माझा उजवा हात पुढे झाला होता, तळवा वर करून. मी केला नव्हता, तो आपोआप झाला होता. तिने त्यावर घरी जाण्याचा कागद ठेवला.